हरित कार्यालय इमारतींचे खर्च व्यवस्थापन

हरित कार्यालय इमारतींचे खर्च व्यवस्थापन म्हणजे ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य यांचा बेताने वापर करणारी कार्यालयाची नवी इमारत मंजूर निधीत उभी करणे व तिच्या संपूर्ण आयुष्यातील खर्च आटोक्यात ठेवणे यासाठी केलेले नियोजन, हिशेब आणि नियंत्रण होय. नेहमीच्या बांधकामात खर्च व्यवस्थापनाचा विचार बहुधा इमारत ताब्यात येईपर्यंत केला जातो. हरित इमारतीत तो पुढील वीस-तीस वर्षांची वीजदेयके, पाणी, दुरुस्ती आणि यंत्रांची बदली येथपर्यंत न्यावा लागतो. इमारत कोणत्या हवामानात उभी आहे यावर हा हिशेब फार अवलंबून असतो. म्हणून या लेखात भारतातील काही प्रसिद्ध कार्यालयीन इमारतींबरोबरच रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे या बंदरगावाचे हवामान गृहीत धरून केलेले एक उदाहरणही दिले आहे.

पार्श्वभूमी

भारतात हरित इमारतींच्या प्रमाणीकरणाला एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरुवात झाली. भारतीय हरित इमारत परिषद २००१ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय हैदराबाद येथे आहे. तेथील सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर या इमारतीचे उद्घाटन १४ जुलै २००४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. वास्तुरचनाकार करण ग्रोवर यांनी आराखडा केलेल्या या इमारतीला लीड पद्धतीचे सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम मानांकन मिळाले होते. पुढे द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट (टेरी) या संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या सहकार्याने ‘गृह’ ही भारतीय मानांकन पद्धती तयार केली. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ‘स्व-गृह’ ही तिची सोपी आवृत्ती आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली गेली. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या व्यापारी इमारतींपासून ती लागू होते. तालुक्याच्या गावातील बहुतेक लहान कार्यालये त्यामुळे या संहितेच्या बाहेर राहतात. तेथे हरित बांधकाम करायचे की नाही, हे मालकाच्या किंवा खात्याच्या समजुतीवर सोडलेले असते.

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण पुण्यातील हडपसर येथील सुझलॉन वन अर्थ हे आहे. वास्तुरचनाकार क्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेले हे कमी उंचीचे कार्यालयीन संकुल २००९ मध्ये पूर्ण झाले. त्याला लीडचे प्लॅटिनम आणि गृहचे पंचतारांकित अशी दोन्ही मानांकने मिळाली. भिंतींबाहेर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी ऊन अडवणे, दिवसा नैसर्गिक प्रकाशावर काम चालेल अशी मांडणी करणे, तसेच पवनचक्क्या व सौरपट्ट यांतून जागेवरच काही वीज निर्माण करणे ही त्याची वैशिष्ट्ये आहेत.

जादा खर्च किती?

हरित इमारत महाग असते, ही समजूत सर्वत्र आढळते. ती निराधार नाही, परंतु तिचा मोठा भाग सुरुवातीच्या काळातील अनुभवावर बेतलेला आहे. हैदराबादच्या वर उल्लेखिलेल्या केंद्राचा जादा खर्च नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत सुमारे १८ टक्के होता आणि तो बचतीतून वसूल होण्यास सुमारे ७ वर्षे लागतील असे धरले होते. हरित इमारत परिषदेने प्रसृत केलेल्या आकड्यांनुसार गुरुग्राममधील आयटीसी ग्रीन सेंटर या इमारतीचा जादा खर्च सुमारे १५ टक्के व वसुलीचा काळ ६ वर्षे, तर त्याच शहरातील विप्रोच्या इमारतीचा जादा खर्च ८ टक्के व काळ ५ वर्षे असा होता. तिन्ही इमारती प्लॅटिनम मानांकनाच्याच आहेत. साहित्य देशात मिळू लागले, सल्लागार व ठेकेदार सरावले, तसा फरक कमी होत गेला.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘जादा’ खर्च कशाच्या तुलनेत, हे क्वचितच स्पष्ट केलेले असते. काचेने मढवलेल्या व पूर्ण वातानुकूलित इमारतीशी तुलना केली तर हरित इमारत स्वस्तही ठरू शकते. साध्या, उघड्या खिडक्यांच्या इमारतीशी केली तर तीच महाग दिसते.

इन्फोसिस कंपनीने हैदराबादजवळील संकुलात केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. एकाच इमारतीच्या दोन सारख्या भागांपैकी एकात हवेच्या झोतावर चालणारी उत्तम प्रतीची वातानुकूलन यंत्रणा बसवली, तर दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधून थंड पाणी खेळवणारी यंत्रणा. तुलना घरच्या घरी, एकाच छपराखाली झाली. दुसऱ्या भागातील यंत्रणेला सुमारे ३४ टक्के कमी ऊर्जा लागली आणि तिच्या उभारणीचा खर्च पहिल्यापेक्षा किंचित कमीच आला. याचे श्रेय एकट्या यंत्राचे नव्हते. भिंती, खिडक्या व सावली यांची रचना आधीच नीट केल्यामुळे आत शिरणारी उष्णता कमी होती, आणि म्हणून थंडाव्याची यंत्रणा लहान आकाराची पुरली.

खर्च केव्हा ठरतो

इमारतीच्या खर्चावरचा ताबा सर्वांत जास्त असतो तो कागदावर पहिल्या रेषा उमटतात तेव्हा. इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला, खोलीची रुंदी किती, खिडक्या किती मोठ्या, छप्पर किती बाहेर काढायचे, हे निर्णय जवळजवळ फुकट घेता येतात. पाया भरल्यानंतर त्यांतला एकही फिरवता येत नाही. त्यामुळे हरित प्रकल्पात वास्तुरचनाकार, स्थापत्य व विद्युत अभियंते, खर्चाचा अंदाज करणारे तज्ज्ञ आणि पुढे इमारत सांभाळणारे कर्मचारी यांना आरंभीच एकत्र बसवतात. मग घटकवार खर्चपत्रक तयार होते. पाया, सांगाडा, भिंती व खिडक्या, छप्पर, विद्युत व पाणी यंत्रणा अशा प्रत्येक घटकाला निधीचा वाटा ठरवून दिला जातो आणि आराखड्याच्या प्रत्येक टप्प्यावर तो पुन्हा तपासला जातो. अनपेक्षित बाबींसाठी साधारण ३ ते ५ टक्के आकस्मिक तरतूद ठेवतात. नवे तंत्र प्रथमच वापरायचे असेल तर ती वाढवणे शहाणपणाचे असते.

निविदांचे दर अंदाजापेक्षा अधिक आले की काटछाट सुरू होते. या काटछाटीला ‘मूल्य अभियांत्रिकी’ असे भारदस्त नाव दिले जाते. वास्तविक लॉरेन्स माइल्स यांनी १९४० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विकसित केलेल्या या पद्धतीचा मूळ अर्थ वस्तूचे कार्य कायम ठेवून खर्च कमी करणे असा आहे. प्रत्यक्षात मात्र जे डोळ्यांना ‘जादा’ दिसते ते प्रथम छाटले जाते. खिडकीवरील सज्जे, छपराखालील उष्णतारोधक थर, पावसाच्या पाण्याची टाकी अशा बाबींवर पहिली कुऱ्हाड पडते. सज्जा काढला की ऊन आत येते, ऊन आले की वातानुकूलन वाढवावे लागते, ते वाढले की विद्युतभार व वाहिन्यांची जाडीही वाढते. दोन लाख वाचवण्यासाठी पाच लाखांची यंत्रे घेण्याची वेळ येऊ शकते, आणि त्यांचे वीजदेयक वेगळेच. म्हणून परस्परावलंबी बाबी खर्चपत्रकात एका गटात दाखवाव्यात, त्यांतील एकच बाब सुटी काढता येऊ नये, असा संकेत हरित प्रकल्पांत पाळला जातो.

पैसा कोणाचा, बचत कोणाची

शासकीय इमारतीचे बांधकाम भांडवली लेखाशीर्षातून होते, वीजदेयक महसुली लेखाशीर्षातून भरले जाते. बांधणाऱ्या विभागाला बचतीचा लाभ दिसत नाही आणि वापरणाऱ्या कार्यालयाला आराखड्यात फारसा आवाज नसतो. भाड्याच्या कार्यालयातही हेच घडते. खर्च मालक करतो, देयक भाडेकरू भरतो. हरित इमारती मागे पडण्याचे हे कारण तांत्रिक अडचणींपेक्षा मोठे मानावे लागेल.

सार्वजनिक बांधकामात आणखी एक अडसर असतो. अंदाजपत्रक राज्य दरसूचीनुसार तयार होते. दरसूचीत नसलेल्या बाबीसाठी स्वतंत्र दरविश्लेषण करून मंजुरी घ्यावी लागते. प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेनंतर अशी बाब घुसवायची म्हटले तर ती ‘अतिरिक्त बाब’ ठरते व लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप येण्याची शक्यता असते. त्यामुळे अभियंता परिचित बाबींकडेच वळतो. हरित घटक पहिल्याच अंदाजपत्रकात, दरविश्लेषणासह समाविष्ट करणे हा यावरचा उपाय आहे.

परतफेड आणि आयुष्यमान

जादा खर्च योग्य की अयोग्य हे ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे परतफेडीचा काळ काढणे. जादा खर्चाला वार्षिक बचतीने भागले की तो मिळतो. ही रीत सोपी असली तरी अपुरी आहे. वस्तू किती वर्षे टिकेल आणि पुढे मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत काय, हे दोन्ही प्रश्न ती विचारात घेत नाही. आयुष्यमान खर्च पद्धतीत प्रत्येक वर्षाची बचत व खर्च व्याजदराने वजावट करून आजच्या किमतीत आणतात. आयएसओ १५६८६ या मानकमालेचा पाचवा भाग याच पद्धतीविषयी आहे.

समजा, एका कार्यालयात ऊर्जा वाचवणाऱ्या साधनांवर १० लाख रुपये जादा खर्च झाले आणि वर्षाला २ लाख रुपये वाचू लागले. परतफेडीचा काळ ५ वर्षे येतो. ८ टक्के वजावटदराने २० वर्षांच्या बचतीची आजची किंमत सुमारे १९.६ लाख रुपये होते. सौदा उघडच फायद्याचा आहे. (येथील सर्व रकमा केवळ गणित समजावे म्हणून घेतल्या आहेत.)

आता हीच साधने समुद्रकाठी बसवली आहेत असे मानू. खाऱ्या हवेमुळे धुणे, रंगकाम, गंजलेले भाग बदलणे यांवर वर्षाला ५० हजार रुपये जातात. निव्वळ बचत दीड लाख उरते. परतफेडीचा काळ ६ वर्षे ८ महिने होतो, म्हणजे कागदावर अजूनही ठीक दिसतो. परंतु साधने सातव्या वर्षी निकामी झाली, तर सात वर्षांच्या बचतीची आजची किंमत सुमारे ७.८ लाख रुपयेच भरते आणि प्रकल्पाला सव्वादोन लाखांच्या आसपास तोटा होतो. या परिस्थितीत साधने किमान दहा वर्षे टिकली तरच बरोबरी साधते. किनारपट्टीवर बचतीच्या आकड्याइतकाच टिकाऊपणाचा आकडा निर्णायक असतो, तो यामुळे.

किनारपट्टीचे उदाहरण : हर्णे

हर्णे हे दापोली तालुक्यातील मासेमारी बंदर आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग व किनाऱ्यावर कनकदुर्ग आहे. बाराही महिने दमट हवा, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा पाऊस आणि लाटांच्या तुषारांतून येणारे मीठ ही येथील हवामानाची तीन लक्षणे बांधकामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतही घरांची छपरे, विजेचे खांब आणि नारळी-पोफळीच्या बागा यांची मोठी हानी केली. अशा ठिकाणी तीस माणसांसाठी सुमारे ३०० चौरस मीटरचे दुमजली कार्यालय बांधायचे झाल्यास खर्चाची मांडणी कशी करावी लागेल, हे पाहता येते.

प्रथम जागा. किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. २०११ व २०१९ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या आल्या. भरतीरेषेपासूनचे अंतर आणि क्षेत्राचा प्रकार तपासल्याशिवाय जागेवर पैसा गुंतवणे हा सर्वांत महाग पडणारा निष्काळजीपणा ठरतो. थोडे आत, चढावर गेले तर परवानगी सुलभ होते आणि मिठाचा माराही कमी होतो.

दुसरी बाब काँक्रीट. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार किनारी वातावरणास उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ प्रकारात मोडते. सळईयुक्त कामासाठी त्यात किमान एम ३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागते. समुद्राचे तुषार थेट पडत असतील तर तो प्रकार ‘अतितीव्र’ होतो आणि हेच आकडे एम ३५ व ५० मिलिमीटर होतात. देशावरच्या अंदाजपत्रकाची नक्कल केल्यास ही बाब हमखास सुटते. सळई गंजून फुगली की आवरण फुटते, आणि वीस वर्षांत दुरुस्तीला आलेली इमारत, तिच्या छपरावर कितीही सौरपट्ट असले तरी, हरित म्हणवत नाही. राख किंवा लोखंडाची मळी मिसळलेले सिमेंट क्षारांना अधिक विरोध करते, शिवाय त्यात चुनखडी भाजून केलेला भाग कमी असतो. येथे पर्यावरण व टिकाऊपणा यांचे हित एकच आहे.

भिंतींसाठी जांभा दगडाचा चिरा हा कोकणचा स्वाभाविक पर्याय. खाणीतून काढताना तो मऊ असतो, उघड्यावर कठीण होत जातो. भट्टी लागत नाही, वाहतूक थोडी होते, आणि चांगल्या घडणीची भिंत बाहेरून गिलाव्याशिवायही ठेवता येते. अर्थात चिरेखाणीही जमीन उघडी पाडतात. त्यामुळे तो निर्दोष साहित्य आहे असे म्हणता येणार नाही. स्थानिक साहित्यातून कमी खर्चाचे बांधकाम करण्याची वाट लॉरी बेकर यांनी केरळमध्ये दाखवली. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारतींत त्यांनी जाळीच्या भिंतींचा सढळ वापर केला. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची जी बांधणी त्यांनी रुजवली, तिने विटांची सुमारे पाव भाग बचत होते.

छपराबाबत कोकणातील अलीकडची रीत खर्चाच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. सपाट स्लॅब घालायचा, तो गळू लागला की त्यावर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड उभारायची, असे दोनदा पैसे मोजले जातात. वादळात तीच शेड उडते. आरंभीच उतरते, भक्कम बांधलेले कौलारू किंवा दुहेरी छप्पर आणि लांब वळचण केली तर झड भिंतीवर येत नाही व खिडक्या पावसातही काही प्रमाणात उघड्या राहू शकतात. पश्चिमेची पडवी हेच काम करते. हर्णे सुमारे १७.८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही थोडी सावली लागते. दिल्लीसाठी लिहिलेल्या पुस्तकात ही गोष्ट सापडणार नाही.

थंडाव्याची साधने निवडतानाही नक्कल चालत नाही. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे कूलर दमट हवेत कुचकामी ठरतात. हैदराबादसारखी थंड स्लॅबची यंत्रणा बसवायची तर हवेतील दमटपणा आधी काढावा लागतो, नाहीतर छताला घाम फुटतो. मोठे छतपंखे, समोरासमोर खिडक्या आणि फक्त संगणक व बैठकीच्या खोल्यांपुरते वातानुकूलन हा लहान कार्यालयाला परवडणारा मार्ग आहे.

सौरवीज फायद्याची आहे. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर छप्पर लागते व सरासरी दिवसाला ४ युनिट वीज मिळते. पावसाळ्यात ती बरीच घटते. मात्र निविदेत क्षारतुषार चाचणीचे मानक आयईसी ६१७०१, तप्त जस्तलेपित किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, स्टेनलेस पोलादाचे नटबोल्ट आणि वाऱ्याच्या दाबाचे गणित ही चारही कलमे हवीत. त्यांनी दर वाढतो. वरच्या उदाहरणातील सात वर्षांचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांवर जाते ते याच वाढीव दरामुळे.

पाण्याचे गणित अनेकांना चकवते. २०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के धरता आला, तर ४ लाख ८० हजार लिटर पाणी मिळते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयात माणशी दिवसाला ४५ लिटर धरल्यास तीस माणसांना १,३५० लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे या कोरड्या काळातील सुमारे २०० कामाच्या दिवसांची गरज २ लाख ७० हजार लिटर होते. पाणी पुरून उरते, पण ते साठवायला १० मीटर लांब, ९ मीटर रुंद व ३ मीटर खोल टाकी बांधावी लागेल. कार्यालयाच्या एका मजल्याच्या निम्म्याहून मोठी अशी टाकी कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्यापेक्षा वीस-पंचवीस हजार लिटरची टाकी, कमी पाण्याचे नळ व शौचकूप आणि उरलेले पाणी गाळून विहिरीत सोडणे स्वस्त पडते. किनाऱ्यालगत विहिरीत गोडे पाणी मुरवल्याने खारे पाणी आत सरकण्यालाही थोडा अटकाव होतो.

प्रमाणपत्राचा खर्च

नोंदणीशुल्क, सल्लागार, ऊर्जेचे संगणकीय प्रतिरूप आणि चाचण्या यांचा खर्च इमारतीच्या आकाराच्या प्रमाणात घटत नाही. लाख चौरस फुटांच्या कार्यालयात तो नगण्य ठरतो. ३०० चौरस मीटरच्या इमारतीत त्याच पैशातून उत्तम खिडक्या येऊ शकतात. स्व-गृहसारखी लहान पद्धती हा भार हलका करते. मानांकनाचे निकष पाळून प्रमाणपत्र न घेण्याचाही पर्याय असतो, परंतु मग तपासणारे तिसरे कोणी राहत नाही.

ताब्यात आल्यानंतर

बांधकाम करारातील दोषदायित्व कालावधी हा खर्च नियंत्रणाचा शेवटचा टप्पा मानला जातो. या काळात वीज व पाण्याच्या प्रत्यक्ष वापराची दरमहा नोंद ठेवून ती अंदाजाशी ताडून पाहतात. त्यासाठी दिवे, वातानुकूलन व पंप यांना वेगवेगळे मीटर बसवावे लागतात. एकाच मीटरवर सर्व भार असेल तर चूक यंत्राची आहे, आराखड्याची आहे की वापरणाऱ्यांच्या सवयीची, हे कळत नाही. हर्णेसारख्या ठिकाणी पावसाळा संपल्यावर सौरपट्ट, बिजागऱ्या व वातानुकूलनाची बाहेरची यंत्रे गोड्या पाण्याने धुणे, विहिरीच्या गाळणीतील वाळू बदलणे आणि मेअखेर पन्हाळी साफ करणे ही कामे वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावी लागतात. किरकोळ खर्चात ती ढकलली, की पहिल्या आर्थिक ओढाताणीत तीच प्रथम वगळली जातात.